घरात उंदीर पडला की...

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी असलेल्या मांजरी गावात महात्मा जोतीराव फुले यांची सुमारे ६० एकर शेती होती. मांजरी, मुंढवा, हडपसर हा सगळा टापू त्यामुळे सावित्रीबाई फुले यांच्या पायाखालचा. याच टापूत १८९७ साली त्यांनी आयुष्यातले अखेरचे काम केले आणि त्यातच त्या प्लेगने गेल्या. प्लेग हा मुळात उंदरांचा आजार. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे त्या वर्षी पुण्यातल्या कोणालाही नीट ठाऊक नव्हते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला, १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले आणि पुढे डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई भुकेल्यांना अन्न देण्याच्या कामात होत्या. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा टिटवे धरून त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे कामही त्यांनी सांभाळले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू शोधला होता. जहाजातून आलेल्या उंदरांना वखारीत अन्न आणि आसरा दोन्ही मिळाले. पुढे माणसांच्या आणि मालाच्या वाहतुकीबरोबर रोग पुण्यातही आला.

घरात वावरणारा काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो. कौलाखालची पोकळी, माळा, मातीची भिंत, धान्याची कणगी ही त्याची आवडती ठिकाणे. मादीला तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्ले होतात आणि तीही काही महिन्यांत विणीला लागतात. अन्न जवळ असेल तर उंदीर फार लांब जात नाही. शेजारच्या घरापर्यंत त्याची धाव. म्हणून उंदरांमधला रोग गल्लीत घरामागून घर सरकत जातो.

या उंदरांच्या अंगावर पिसवा असतात. प्लेगने उंदीर मेला आणि त्याचे शरीर थंड पडले, की पिसवा ते सोडून दुसरा उंदीर शोधतात. घरातले उंदीर संपले, की त्या माणसाला चावतात. पिसवेच्या अन्नमार्गात जिवाणूंची गुठळी होऊन वाट बंद होते. रक्त पोटात जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जिवाणू माणसाच्या अंगात सोडते. मग ताप येतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते. यातला पिसवेचा भाग लोकांना माहीत नव्हता, पण क्रम त्यांनी ओळखला होता. घरात उंदीर पडला, की गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, ही रीत त्यातूनच पडली.

सरकारचा भर वेगळ्याच गोष्टींवर होता. रोग माणसापासून माणसाला आणि घाणीतून लागतो, असे समजून घरझडत्या, सामानाची नासधूस आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. भीतीपोटी लोक रोगी लपवू लागले. गोरगरिबांच्या वस्तीतल्या आजाऱ्याजवळ जायला तर कोणी तयार नव्हते. अशा वेळी सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात उघड्यावर दवाखाना थाटला. कौलारू घरांपासून दूर, मोकळ्या रानात रोगी आणणे आजच्या ज्ञानानेही योग्यच ठरते, कारण घरउंदीर आणि त्याच्या पिसवा मागे राहतात.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग आजारी पडल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, असे सांगितले जाते. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगच्या रोग्याची सेवा करताना धोका दोन वाटांनी येतो : कपड्या-अंथरुणातून आलेली पिसू आणि फुप्फुसात रोग उतरला असेल तर खोकला.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून पिसवेचा दुवा दाखवला. बरीच वर्षे तो कोणी मानला नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवून पाहिले गेले. पिसवांपासून बारीक जाळीने वाचवलेले प्राणी जगले, उघडे ठेवलेले आजारी पडले. तेव्हा शंका मिटली. त्याच १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेले. या साथीने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि ती लवकर दिली तर रोगी वाचतो. उंदीर मात्र आपल्याबरोबरच आहे. मांजरीत उसाच्या आणि भाजीच्या रानांना लागून इमारती उभ्या राहिल्या. कचरा, उघडी गटारे आणि धान्याची पोती असतील तिथे तो आणि घूस दोघेही येतात. त्यांच्या मूत्रातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून धान्य झाकणाच्या डब्यात ठेवावे, ओला कचरा रात्रभर उघडा टाकू नये, पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये. एकाच भागात अचानक बरेच उंदीर मेलेले दिसले, तर ते उघड्या हाताने उचलू नयेत आणि आरोग्य विभागाला कळवावे. अशा वेळी घाईने उंदरांना विष घालणे घातक ठरू शकते. आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. नाहीतर मेलेल्या उंदरावरच्या पिसवा थेट माणसाकडे वळतात. सावित्रीबाईंच्या काळात हा क्रम कोणाला सांगता आला नसता. आता तो माहीत आहे, तेव्हा तो पाळायला हवा.