पांच बाळांचे वैद्य : डॉ. ॲलन रॉय डेफो

वऱ्हाडांतील खेड्यांत जुळें जन्मास आलें म्हणजे घरांत आनंदाबरोबर काळजीही शिरते. दोहोंपैकीं एक बाळ बहुधा लहान असतें. त्याचें रडणें क्षीण, ओढून पिण्याची शक्ति कमी. मग शेजारच्या बाया हळू आवाजांत बोलूं लागतात कीं, एक तरी वांचलें म्हणजे पुष्कळ झालें. असें बोलणें एकदां कानीं पडलें कीं धडधाकट बाळाकडे आईचें दूध जातें व दुसऱ्याच्या मुखीं मधाचें बोट किंवा घुटी लागते. त्याचा निकाल जन्मतांच लागून जातो. असा निकाल आगाऊ देण्याचें ज्यांनीं नाकारिलें असे एक खेड्यांतील डॉक्टर कॅनडा देशांत होऊन गेले. त्यांच्यापुढें जुळें नव्हतें कीं तिळें नव्हतें. एका मातेच्या पोटीं एकाच पहाटे जन्मलेल्या पांच मुली होत्या, आणि त्या पांचांपैकीं एकही जगेल असें कोणास वाटत नव्हतें. त्या डॉक्टरांचें नांव ॲलन रॉय डेफो.

डॉ. डेफो यांचा जन्म ता. २९ मे १८८३ रोजीं आँटेरिओ प्रांतांतील मॅडॉक या गांवीं झाला. वडील डॉक्टर होते. मुलगा टोरांटो येथील विश्वविद्यालयांत वैद्यक शिकून सन १९०७ मध्यें बाहेर पडला. वडिलांच्या जोडीस बसून चांगली मिळकत करावी अशी सोय असतांही हे उत्तरेकडील रानांत गेले व सन १९०९ च्या सुमारास कॅलंडर नांवाच्या लहानशा गांवीं राहिले. ते ठेंगणे होते व बोलतांना अडखळत. भोंवतालचे बहुतेक रहिवासी फ्रेंच भाषा बोलणारे रोमन कॅथोलिक. हे इंग्रजी बोलणारे प्रॉटेस्टंट. तरी प्रसूतीचा प्रसंग आला कीं बर्फांतून वाट काढीत ते त्यांच्या झोंपड्यांपर्यंत जात. सन १९२६ मध्यें त्यांची पत्नी निवर्तली. तेव्हांपासून एक मुलगा, ग्रंथ व रोगी एवढाच त्यांचा संसार उरला. अशीं पंचवीस वर्षें गेलीं, आणि त्या गांवाबाहेर त्यांचें नांव कोणास ठाऊक नव्हतें.

ता. २८ मे १९३४ रोजीं पहाटे कॉरबेल गांवाजवळील ओलिव्हा डिऑन नांवाच्या शेतकऱ्यानें त्यांस बोलावून नेलें. डिऑन यांची पत्नी एल्झिर हिचें वय अवघें पंचवीस, आणि पूर्वींचीं पांच मुलें घरांत खेळत होतीं. घरांत विजेचा दिवा नव्हता. डॉक्टर येईपर्यंत दोन सुइणींच्या हातीं दोन मुली जन्मल्या होत्या. पुढील तिघी डॉक्टरांच्या हातीं आल्या. दिवस पुरे होण्यास सुमारें दोन महिने उरले होते. आईची प्रकृति इतकी ढासळली कीं डॉक्टरांस प्रथम तिचीच चिंता लागली. पांचही मुलींस बटाटे तोलण्याच्या तराजूंत घातलें तेव्हां सर्वांचें मिळून वजन तेरा पौंड सहा औंस, म्हणजे सुमारें सहा किलो भरलें. एकेकीच्या वांट्यास सव्वा किलोही पुरतें आलें नाहीं. आपल्याकडे नऊ महिने पुरे भरून जन्मलेलें एक बाळ अडीच किलोंहून कमी असलें तरी त्यास कमी वजनाचें म्हणतात, हें ध्यानांत घ्यावें.

आतां डॉक्टरांनीं काय केलें तें नीट पाहण्यासारखें आहे, कारण त्यांत खेड्यांत मिळूं नये असें जवळजवळ कांहींच नव्हतें. शेजारच्या घरून एक वेताची टोपली मागून आणिली. मुलींस सुती फडक्यांत गुंडाळून टोपलींत एकीशेजारीं एक निजविलें, वरून ऊन केलेलीं पांघरुणें घातलीं, आणि ती टोपली स्वयंपाकघरांतील लोखंडी चुलीच्या भट्टीचें दार उघडून त्यासमोर ठेविली. एकेकीस बाहेर काढून कोमट ऑलिव्ह तेल हलक्या हातानें अंगास लावीत. पुढें मोठी टोपली आली, तींत कढत पाण्याच्या बाटल्या ठेविल्या. इतक्या लहान बाळाच्या अंगावर चरबी नसते. तें आपली ऊब आपण राखूं शकत नाहीं, आणि अंग गार पडलें कीं त्याची पिण्याची शक्तिही जाते. पुष्कळ घरीं बाळ दूध ओढीत नाहीं म्हणून रडारड होते, पण त्याचे तळपाय गार आहेत काय हें कोणी चांचपून पाहत नाहीं. डॉ. डेफो यांनीं हें आधीं पाहिलें.

ऊब झाल्यावर आहार. पहिल्या दिवशीं दर दोन तासांनीं कोमट पाण्यांत मक्याच्या साखरेचा पाक मिसळून तो औषध सोडण्याच्या काचेच्या नळीनें थेंबाथेंबानें प्रत्येकीच्या तोंडांत सोडीत. नंतर गाईचें दूध, उकळलेलें पाणी व थोडा पाक यांचें मिश्रण दिलें. त्यांत रम दारूचे एक दोन थेंबही असत. आमच्या वाचकांस हें खटकेल, आणि खटकावेंच. आजचें वैद्यकशास्त्रही बाळास दारू, साखरेचें पाणी किंवा वरचें दूध देऊं नये असेंच सांगतें. पण हातीं जें होतें त्यांतील मापाची शिस्त विसरूं नये. पांच जणी भुकेल्या असतां जी मोठ्यानें रडे तिला आधीं व अधिक, असें तेथें होत नसे. घड्याळाकडे पाहून प्रत्येकीस तिच्या वेळीं तिचे थेंब मिळत. सर्वांत लहान मारी हिला इतर चौघींप्रमाणेंच.

हें काम एकट्या डॉक्टरांच्यानें होण्यासारखें नव्हतें. पहिल्याच दिवशीं इव्हॉन लेरू नांवाची तरुण परिचारिका आली, आणि मागून लुईझ द किरिलीन ही रेड क्रॉसची परिचारिका येऊन तिनें सर्व व्यवस्था हातीं घेतली. (या बाई पुढें पक्ष्यांचा अभ्यास करून लेखिका म्हणून नांवाजल्या.) हात धुतल्यावांचून बाळांच्या खोलींत जावयाचें नाहीं, नातलगांनीं गर्दी करावयाची नाहीं, असे नियम त्या झोंपडीवजा घरांत लागू झाले. शिकागो शहराहून कढत पाण्यावर चालणारी, ऊब देणारी पेटी आली. विजेवर चालणारी पेटी त्या घरीं निरुपयोगी ठरली असती. आणि आगगाडीनें आलें तें सर्वांत मोलाचें साहाय्य : टोरांटो येथील मातांनीं दिलेलें अंगावरचें दूध. डॉक्टरांचे बंधु विल्यम हे टोरांटोस प्रसूतिशास्त्राचे वैद्य होते, त्यांचा तेथील डॉक्टरांशीं संबंध होता. ज्या बायांनीं त्या मुलींस कधीं पाहिलेंही नव्हतें त्यांनीं आपलें दूध काढून दिलें, आणि त्या दुधावर इव्हॉन, ॲनेट, सेसिल, एमिली व मारी या पांचही बहिणी वाढल्या. एकाच वेळीं जन्मलेलीं पांच बाळें सर्वच्या सर्व बाल्यावस्थेंतून पार पडल्याचें यापूर्वीं जगांत कोठें नमूद नव्हतें.

हें सर्व परदेशांतच घडूं शकतें असें कोणी समजूं नये. दुसऱ्या मातेचें दूध शास्त्रीय रीतीनें सांठवून देणारी आशिया खंडांतील पहिली दुग्धपेढी सन १९८९ मध्यें मुंबईच्या शीव रुग्णालयांत निघाली. विदर्भांतीलच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील बायांस नवजात बाळांची निगा शिकविली. ऊब, स्वच्छता, आईचें दूध व आजार वेळेवर ओळखणें यांसारख्या उपायांनीं त्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण, तुलनेच्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नें उतरलें. हा वृत्तांत सन १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. बाळास उघड्या छातीशीं धरून आपल्याच अंगाची ऊब देण्याची रीत सन १९७८ मध्यें कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं सुरू झाली, आणि ती जुळ्यांस फार सोयीची आहे, कारण एक बाळ आईनें धरिलें तर दुसरें बापानें धरावें. मेळघाटांतील थंडीच्या रात्रीं धुराच्या शेगडीपेक्षां ही ऊब निर्धोक. दूधही दोघांस पुरतें. जितकें पाजावें तितकें अधिक येतें, मात्र आईस पोटभर अन्न व पाणी मिळालें पाहिजे. जें बाळ ओढूं शकत नाहीं त्यास काढलेलें दूध स्वच्छ वाटी-चमच्यानें द्यावें. इतकें लहान बाळ असल्यास अमरावतीचें डफरीन किंवा अकोल्याचें लेडी हार्डिंग म्हणून लोकांस ठाऊक असलेलें स्त्रियांचें रुग्णालय गांठण्यास उशीर करूं नये, आणि वाटेंतही बाळ छातीशींच असावें.

येथपर्यंत डॉ. डेफो यांचें चरित्र सांगणाऱ्याचें काम सोपें आहे. पुढील भाग तितका सुखाचा नाहीं, पण तो गाळणें योग्य होणार नाहीं.

मुली कांहीं दिवसांच्या असतांनाच शिकागो येथील प्रदर्शनवाल्यांनीं त्यांस लोकांस दाखविण्याचा करार पित्याकडून करून घेतला. गरीब पिता, दहा मुलें. मोहास बळी पडला, आणि लागलींच पस्तावला. परंतु हें निमित्त घेऊन सरकारनें मुलींचें पालकत्व स्वतःकडे घेतलें, व सन १९३५ मध्यें तसा कायदाच केला. डॉ. डेफो पालकांपैकीं एक झाले. आईबापांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, मुलींसाठीं निराळें शुश्रूषागृह उभें राहिलें व त्यास डॉक्टरांचेंच नांव मिळालें. तेथें सर्व कांहीं वेळेवर व मापानें होई. मुली गुटगुटीत झाल्या. पण आईस आपल्या लेकरांस भेटावयाचें तर रस्ता ओलांडून, परक्यांच्या परवानगीनें भेटावें लागे. ज्या प्रदर्शनापासून मुलींस वांचवावयाचें तेंच मग सरकारी कुंपणांत सुरू झालें. मुली खेळत त्या अंगणाभोंवतीं प्रेक्षकांसाठीं सज्जा बांधिला, आणि कांहीं वर्षांत सुमारें ३० लक्ष लोक त्यांस पाहून गेले. पाक, ओट व साबण विकणाऱ्यांनीं मुलींचीं चित्रें छापिलीं. डॉक्टरांस सन १९३५ मध्यें बादशहांकडून मानाची पदवी मिळाली, आकाशवाणीवर त्यांचीं व्याख्यानें होऊं लागलीं, आणि पैसाही आला.

ते दुष्ट होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. रोगजंतूंच्या भयानें त्यांनीं प्रथम दार बंद केलें तें बाळांच्या हितासाठींच. परंतु दोन महिने आधीं जन्मलेल्या मुलीस जें बंधन जीवदान ठरतें तें तीन वर्षांच्या मुलीस तुरुंग होतें, हा भेद त्यांस उमगला नाहीं, किंवा उमगूनही कीर्तीच्या गडबडींत मागें पडला. प्रत्येकीस तिच्या वांट्याचे थेंब देणाऱ्या हातानें आईचा वांटा मात्र दिला नाहीं.

पिता न्यायालयांत गेला. सन १९३९ च्या सुमारास डॉक्टरांनीं पालकत्व सोडलें, सन १९४२ मध्यें मुलींच्या वैद्याचें कामही सोडलें. प्रकृति खालावली होती. ता. २ जून १९४३ रोजीं न्युमोनियानें त्यांचा अंत झाला. वय साठ वर्षें होतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नऊ वर्षांच्या मुली आईबापांच्या घरीं परतल्या. पण मधल्या वर्षांनीं त्या घरास परक्या झालेल्या होत्या, आणि तेथें त्यांस सुख लाभलें नाहीं. एमिली सन १९५४ मध्यें वारली, मारी १९७० मध्यें.

सन १९९७ मध्यें अमेरिकेंत एका मातेस एकाच वेळीं सात बाळें झालीं, तेव्हां हयात असलेल्या तिघी बहिणींनीं त्या आईबापांस जाहीर पत्र लिहून, मुलांस लोकांच्या करमणुकीचें साधन होऊं देऊं नये अशी विनंति केली. पुढील वर्षीं आँटेरिओ सरकारनें या तिघींस ४० लक्ष कॅनेडियन डॉलर भरपाई दिली.