म्हातारा डॉक्टर आणि सुटीतली मुले

1904 सालच्या उन्हाळ्यात वॉर्सा शहरातल्या गरीब ज्यू वस्तीतली मुले आगगाडीत बसून मिखाउवूका नावाच्या खेड्याकडे निघाली. अंधाऱ्या खोल्या, ओलसर तळघरे, चिंचोळी अंगणे एवढेच जग पाहिलेली ही मुले. चार आठवडे रानात राहायचे, दूध प्यायचे, उन्हात हुंदडायचे आणि परत यायचे. वॉर्सात ही सोय करणारी संस्था 1882 मध्ये डॉ. स्तानिस्वाव मार्किएविच यांनी काढली होती. अशक्त, गरीब मुलांना महिनाभर शहराबाहेर न्यायचे हे तिचे काम. ज्यू मुलांची शिबिरे वेगळी आणि ख्रिस्ती मुलांची वेगळी. पोलंडवर तेव्हा रशियाच्या झारची सत्ता होती.

या मुलांवर लक्ष ठेवायला जे तरुण नेमले होते, त्यांत हेन्रिक गोल्डश्मिट हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. पुढे जगाने त्याला यानुश कोर्चाक या टोपणनावाने ओळखले. एका कादंबरीतले हे नाव त्याने 1898 मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी घेतले आणि ते कायमचे चिकटले.

घरचे दिवस बरे होते, पण ते टिकले नाहीत. वडील नामांकित वकील. त्यांना मनोविकार जडला आणि 1896 मध्ये ते गेले. कोवळ्या वयात हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. त्याच्या जन्मसालाचाही घोळच आहे. तारीख 22 जुलै नक्की, पण साल 1878 की 1879 हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. वडिलांनी नोंदच वेळेवर केली नाही.

तर मिखाउवूकाला निघताना या तरुणाने जय्यत तयारी केली होती. ग्रामोफोन, चित्रे दाखवायचा जादूचा कंदील, शोभेची दारू, सोंगट्या. वाटले, मुले खूश होतील आणि आपल्याभोवती नाचतील. मात्र तीस मुलांचे कपडे कोणी बघायचे, जेवणाच्या टेबलावर कोणी कुठे बसायचे, कोणती खाट कोणाची, याचा विचार त्याने केलाच नव्हता. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात, यादी करणारा विरळा.

व्हायचे तेच झाले. गोंधळ वाढत गेला आणि एका रात्री झोपायच्या दालनात दिवे मालवल्यावर अंधारात आरडाओरडा, शिट्ट्या सुरू झाल्या. त्याने दम दिला, कोणी ऐकेना. शेवटी एक पोरगा हाती लागला. त्याने त्याचा कान पिरगाळला आणि गप्प बसला नाहीस तर बाहेर ओसरीवर काढीन, तिथे कुत्रा मोकळा सोडलेला आहे, अशी धमकी दिली. मुलांवर प्रेम करायला आलेला, लेखक म्हणून नाव होऊ लागलेला हा तरुण!

हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवला म्हणून. लपवला असता तर कोणाला कळले असते? दुसऱ्या दिवशी त्याने मुलांना रानातल्या मोकळ्या जागेत बसवले. उपदेश केला नाही. तो त्यांच्याशी बोलला, आणि त्यांचेही ऐकले. मुलांना उद्देशून बोलणे वेगळे आणि मुलांशी बोलणे वेगळे, हे त्याला त्या दिवशी उमगले. कोर्चाकच्या अखेरच्या दिवसांवर पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र ही रानातली सकाळ अधिक महत्त्वाची वाटते. पुढचे सगळे तिच्यातून निघाले.

1907 मध्ये तो पुन्हा मिखाउवूकाला गेला आणि 1908 मध्ये विल्हेल्मूव्का इथे ख्रिस्ती मुलांच्या शिबिरात. ज्यू मुलांवरचे 'मोश्की, योस्की आणि स्रुले' हे पुस्तक 1910 मध्ये आले, त्याचे जोडपुस्तक पुढच्या वर्षी. मोश्की, स्रुले ही नावे रस्त्यावर चिडवायला वापरली जात. तीच त्याने पुस्तकाच्या कपाळावर मायेने लिहिली. मिखाउवूकाला मुलांचे न्यायालयही भरत असे. न्यायाधीश मुलेच.

हेच न्यायालय पुढे क्रोखमाल्ना रस्त्यावर 92 क्रमांकाच्या घरात पक्के झाले. इस्पितळातली नोकरी सोडून 1912 मध्ये तो तिथल्या ज्यू अनाथालयाचा प्रमुख झाला. सोबत स्तेफानिया विल्चिन्स्का होत्या. घराचा खरा कणा त्याच, आणि त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, ही रुखरुख इथे नोंदवून ठेवतो. न्यायालयाच्या संहितेत पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची, माफ करण्याची होती. शिक्षा शंभरापासून पुढे. मोठ्यांवरही खटले भरत. सहा महिन्यांत स्वतः कोर्चाक पाच वेळा आरोपी म्हणून उभा राहिला. एकदा मुलाच्या कानफटात मारली म्हणून, एकदा मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून.

दर आठवड्याला मुलांची वजने तो स्वतः करी. पडलेले दुधाचे दात पैसे देऊन विकत घेई. या आठवड्यात किती वेळा मारामारी करणार यावर पैज लावी आणि जिंकणाऱ्याला गोळ्या देई. 1926 मध्ये त्याने एका दैनिकाबरोबर दर शुक्रवारी निघणारे मुलांचे वृत्तपत्र सुरू केले. त्यात मुलेच लिहीत. पुढे रेडिओवर तो 'म्हातारा डॉक्टर' या नावाने बोलू लागला. तोवर देशातले वातावरण इतके बिघडले होते की ज्यू नाव उघड करणे आकाशवाणीवाल्यांना परवडत नव्हते.

आणि सुटीचे शिबिर? तेही सुटले नाही. वॉर्साजवळ गोत्सवावेक इथे 1921 पासून अनाथालयाचे स्वतःचे शिबिर होते, 'रुझिच्का', म्हणजे छोटासा गुलाब. एका जोडप्याने आपल्या मुलीच्या स्मरणार्थ ती जागा दिली होती. वॉर्सा नाझींच्या ताब्यात गेल्यावरही 1940 च्या उन्हाळ्यात त्याने परवानगी मिळवून मुलांना तिथे नेलेच. ती शेवटची सुटी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनाथालयाला घेट्टोच्या भिंतीआड जावे लागले. जाताना मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली. तक्रार करायला तो थेट जर्मन अधिकाऱ्यांकडे गेला, तेही दंडावर सक्तीची पट्टी न लावता. त्याला तुरुंगात टाकले. सुटून आला तो खंगलेला. नंतर दारोदार फिरून तो मुलांसाठी अन्न मागत राहिला.

18 जुलै 1942 रोजी घेट्टोतल्या अनाथालयात मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथांचे 'डाकघर'. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल आपल्यापैकी अनेकांनी वाचला, पाहिला आहे. रवींद्रनाथ जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. बंगालमधला अमल पोलंडमधल्या भुकेल्या मुलांनी आपला मानला. मुलांना मरणाची भीती वाटू नये म्हणून कोर्चाकने हे नाटक निवडले असे म्हणतात.

चारच दिवसांनी घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या 5 किंवा 6 तारखेला अनाथालयाची पाळी आली. स्वतःला वाचवण्याची संधी त्याच्यापुढे एकदा नव्हे, अनेकदा आली होती. ती त्याने घेतली नाही. सुमारे दोनशे मुले, कोर्चाक, स्तेफानियाबाई आणि इतर सहकारी रस्त्याने चालत स्टेशनकडे गेले. गाडी त्रेब्लिंकाला गेली. तिथून कोणी परतले नाही.

त्याची रोजनिशी मागे राहिली आणि 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा व्हावा हा प्रस्ताव 1978 मध्ये पोलंडनेच मांडला आणि 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो स्वीकारला. क्रोखमाल्ना रस्त्यावरची इमारत दुरुस्त होऊन आजही उभी आहे. त्रेब्लिंकाच्या स्मारकात सुमारे सतरा हजार दगड आहेत. त्यांतल्या अनेकांवर गावांची नावे कोरली आहेत. माणसाचे नाव असलेला दगड एकच. त्यावर यानुश कोर्चाक आणि मुले असे लिहिले आहे.