बोलपटांचे जनक : अर्देशीर इराणी

१४ मार्च ही तारीख आली की एका जुन्या चित्रपटाची आठवण निघते. त्या चित्रपटाचे नाव 'आलम आरा'. हा भारतातील पहिला बोलपट. बोलपट म्हणजे ज्यात पडद्यावरची माणसे बोलतात आणि गातात असा चित्रपट. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईत प्रथम दाखवला गेला. १९५६ साली या घटनेला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा चित्रपटसृष्टीने बोलपटाचा रौप्यमहोत्सव साजरा केला. २०३१ साली त्याची शताब्दी येईल. मात्र या वाढदिवसाची एक गोष्ट चमत्कारिक आहे. ज्याचा वाढदिवस साजरा होतो, तो चित्रपट आज कोणालाही पाहता येत नाही.

असे का, ते पुढे कळेलच. आधी तो चित्रपट काढणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ.

'आलम आरा' या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. आलम म्हणजे जग आणि आरा म्हणजे सजवणारी. मराठी माध्यमाच्या मुलांना हा अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. या पाठात निदान एवढ्यापुरते तरी तुम्ही त्यांच्या पुढे आहात!

अर्देशीर इराणी यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे इराणमधील व झरथुष्ट्री धर्माचे. तरुणपणी त्यांनी वाद्यांचा आणि ग्रामोफोनचा व्यापार केला. आवाज यंत्रात कसा साठवतात आणि तो पुन्हा कसा ऐकवतात, हे त्यांनी दुकानातच पाहिले असणार. पुढे ते परदेशी चित्रपट आणून येथे दाखवण्याच्या धंद्यात शिरले.

या धंद्यात त्यांना एक चांगला भागीदार मिळाला. त्यांचे नाव अब्दुलअली युसुफअली. हे मूळचे सुरतचे. चित्रपट दाखवण्यासाठी ते तंबू घेऊन गावोगाव फिरत. त्यांचा तंबू सुमारे शंभर फूट लांब व पन्नास फूट रुंद असे आणि त्यात हजारभर माणसे बसत. ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत त्यांनी आपला तंबू नेला होता. फिरून फिरून दमलेला हा माणूस १९१४ च्या सुमारास मुंबईत स्थिर झाला. इराणी आणि युसुफअली यांनी मिळून अलेक्झांड्रा हे चित्रपटगृह चालवायला घेतले. पुढे गिरगावातील मॅजेस्टिकही त्यांच्याकडे आले. ही भागीदारी चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. धंद्यातली भागीदारी चार वर्षे टिकली तरी लोक कौतुक करतात, हे लक्षात घ्या.

दुसऱ्यांचे चित्रपट दाखवता दाखवता आपणही चित्रपट काढावा, असे इराणींना वाटू लागले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून वाट दाखवलीच होती. १९२२ साली इराणींच्या स्टार फिल्म कंपनीचा 'वीर अभिमन्यू' पडद्यावर आला. त्यानंतर त्यांनी आणखी एकदोन कंपन्या काढल्या आणि अखेर इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. पाहता पाहता इंपीरियल ही मुंबईतील एक मोठी चित्रसंस्था झाली. पुढे 'मदर इंडिया' काढणारे मेहबूब खान सुरुवातीला येथेच गर्दीतली किरकोळ कामे करीत होते.

तेव्हाचे चित्रपट मुके होते. पात्रे ओठ हलवीत, पण आवाज येत नसे. मध्येच पडद्यावर अक्षरे उमटत व काय चालले आहे ते सांगत. एकेका पाटीवर तीनतीन, चारचार लिप्यांत मजकूर असे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवीत.

अशात १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील बोलपट मुंबईत येऊ लागले. 'शो बोट' नावाचा असाच एक चित्रपट इराणींनी पाहिला. तो सगळा बोलत नव्हता, थोडाच बोलत होता. पण तेवढे त्यांना पुरे झाले. आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत बोलणारा चित्रपट काढायचा, असे त्यांनी ठरवले.

ठरवणे सोपे होते. येथे ना बोलपटाचा स्टुडिओ होता, ना ध्वनिमुद्रण जाणणारा माणूस. शिवाय कलकत्त्याची मादन थिएटर्स ही मातब्बर कंपनीही बोलपटाच्या तयारीला लागली होती. म्हणून इराणींनी आपले काम शक्य तितके गुपचूप चालवले. गोष्ट त्यांनी जोसेफ डेव्हिड यांच्या एका नाटकातून घेतली. पारशी नाटक मंडळ्यांचा तो काळ. त्यांच्या नाटकांची भाषा हिंदुस्थानी असे, म्हणजे तुम्ही घरी बोलता तिच्या अगदी जवळची. राजाच्या दोन राण्या, त्यांच्यातला मत्सर, तुरुंगात पडलेला एक प्रामाणिक सरदार आणि भटक्या लोकांत वाढलेली त्याची मुलगी आलम आरा, अशी ती कथा होती.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र परदेशातून आले. ते जोडून द्यायला विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. तो दिवसाला शंभर रुपये मागू लागला. तेव्हा शंभर रुपये ही केवढी रक्कम! शाळामास्तरांचे तर कित्येक महिन्यांचे पगार त्यात निघाले असते. ते परवडेना. म्हणून इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी त्याच्याकडून शिकता येईल तेवढे शिकून घेतले आणि पुढचे ध्वनिमुद्रण स्वतःच केले. इराणींचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या घरात होते. एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक कानाला यंत्र लावून नव्याने धडे गिरवीत बसला होता.

आता खरी अडचण ऐका. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाई. आज चित्रपटातील आवाज मागाहूनही भरता येतो. त्या यंत्रात तशी सोय नव्हती. चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फितीवर उमटत. नायिका बोलत असताना गाडी आली तर गाडीही चित्रपटात! यावर इराणींनी एक साधा उपाय काढला. शेवटची गाडी गेल्यावर काम सुरू करायचे आणि पहाटेची पहिली गाडी येण्यापूर्वी थांबायचे. म्हणजे रात्री एक ते चार या वेळात, सारी मुंबई झोपलेली असताना, हा बोलपट तयार होत होता. ध्वनिग्राहक, म्हणजे आपण ज्याला माइक म्हणतो तो, प्रेक्षकांना दिसू नये म्हणून पात्रांच्या आसपास कोठे तरी लपवून ठेवत. गाण्याच्या वेळी वाजवणारेही कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दडून बसत. गाणारा पडद्यावर दिसे आणि त्याच क्षणी खरोखर गातही असे. या चित्रपटात सात गाणी होती. फकिराचे काम करणारे वझीर मोहम्मद खान यांचे गाणे लोकांच्या तोंडी बसले. भारतीय चित्रपटातले पहिले गाणे म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

नायिका होती जुबेदा. नायक होते मास्टर विठ्ठल. त्यांच्या तलवारबाजीवर आणि उड्यांवर मूकपटांचे प्रेक्षक खूश असत. ते आधीच्या कंपनीचा करार सोडून इंपीरियलकडे आले, म्हणून प्रकरण कोर्टात गेले. मास्टर विठ्ठल तो खटला जिंकले. पण कॅमेऱ्यापुढे बोलायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. मराठी मुलखातल्या या गड्याची हिंदुस्थानी कच्ची होती. मग त्यांच्या भूमिकेतले संवादच कमी करावे लागले आणि राजपुत्राला बराच वेळ गुंगीत ठेवावे लागले. आपण यावर हसतो. परंतु कालपर्यंत ज्याच्या नावावर चित्रपट चालत होते, त्याला एका भाषेपायी गप्प बसावे लागले. त्याला काय वाटले असेल?

इंपीरियलची सर्वांत लोकप्रिय नटी सुलोचना हिच्यापुढेही हाच प्रश्न आला. तिचे खरे नाव रूबी मायर्स. ती ज्यू होती आणि तिला हिंदुस्थानी नीट येत नव्हते. मूकपटांत ते चालून गेले. बोलपट आले तेव्हा तिने काही काळ काम थांबवले, भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली 'माधुरी' या बोलपटातून ती परत आली. दुसरी भाषा शिकणे किती कठीण असते, हे तुम्हांला मी काय सांगावे! मराठीच्या तासाला तुमच्या चेहऱ्यांवर ते रोज दिसते.

'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये लागला त्या दिवशी गिरगावात एवढी गर्दी उसळली की पोलिसांना बोलवावे लागले. तिकिटासाठी रांग लावायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. जो रेटून पुढे जाईल त्याला तिकीट! चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना विकले गेले. लोकांना गोष्टीचे फार अप्रूप नव्हते, तशा गोष्टी नाटकांत पुष्कळ होत्या. पडद्यावरचे माणूस बोलते आणि तेही आपल्याला समजेल असे बोलते, हे ऐकायला ते आले होते. मादन कंपनीचा 'शिरीन फरहाद' काही आठवड्यांनी आला. गाण्यांच्या बाबतीत तो कितीतरी पुढे होता. परंतु पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच.

दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानून बसला असता. इराणी बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने 'कालिदास' काढला. त्यात तमिळ व तेलुगू भाषा ऐकू आल्या. दक्षिणेच्या भाषांतील बोलपटांची सुरुवात अशी मुंबईत झाली. १९३३ साली त्यांनी 'दुख्तरे लोर' हा फारसी बोलपट काढला. अब्दुल हुसेन सेपन्ता या इराणी लेखकाने तो लिहिला व त्यात नायकाचे कामही केले. फारसी भाषेतील हा पहिला बोलपट तेहरानमध्ये दाखवला गेला, तेव्हा तेथील लोकांनीही मुंबईकरांसारखीच गर्दी केली. पूर्वजांच्या देशाला इराणींनी त्याचा पहिला बोलपट दिला, तो पुण्यात जन्मून आणि मुंबईत राहून. मला स्वतःला त्यांच्या कामांतले हे काम फार आवडते.

मग रंगांची पाळी आली. १९३७ साली त्यांनी 'किसान कन्या' हा भारतातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट पडद्यावर आणला. दिग्दर्शन मोती गिडवाणी यांचे होते आणि लेखन होते उर्दूचे नामवंत कथाकार सआदत हसन मंटो यांचे. मंटो तेव्हा इंपीरियलमध्ये मुनशी म्हणून नोकरी करीत. बोलपट आल्यापासून अशा उर्दू लेखकांना स्टुडिओत मोठी मागणी आली होती. 'किसान कन्या' मात्र फारसा चालला नाही. पैसा पुष्कळ गेला, लोकांना रंगांची ओढ अजून लागली नव्हती. पुढे इंपीरियल बंद पडली. १९४५ सालचा 'पुजारी' हा इराणींचा शेवटचा चित्रपट. त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक चित्रपट आहेत. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 'आलम आरा' गेला कोठे?

त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या पटकन पेट घेत. जपून ठेवल्या नाहीत तर त्यांचा भुगा होई. शिवाय त्यांच्यावरील थरात चांदीचा अंश असे. चित्रपट जुना झाला, त्यातून पैसा यायचा थांबला की पुष्कळ लोक फिती धुऊन चांदी काढून घेत व उरलेले फेकून देत. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट तयार झाले, पण त्यांतले तीसही धड उरले नाहीत. संग्रहालयाचे पी. के. नायर हे 'आलम आरा'च्या शोधात इराणींच्या घरापर्यंत गेले. इराणी तेव्हा हयात होते. काही रिळे कोठे तरी पडली असतील, असे त्यांना वाटत होते. नंतर त्यांच्या मुलाने नायर यांना खरे सांगितले. चांदी काढून घेऊन ती रिळे केव्हाच निकालात काढली होती. वडिलांना हे ठाऊक नव्हते.

त्यांच्या मुलाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्या वेळी जवळजवळ सगळेच तसे करीत होते. तुमच्या घरातली जुनी वह्या-पुस्तके रद्दीत जातात, तेव्हा कोण थांबवते?

'आलम आरा'ची काही छायाचित्रे, जाहिराती आणि एक छोटी पुस्तिका तेवढी शिल्लक आहे. त्याच नावाचे चित्रपट १९५६ आणि १९७३ साली पुन्हा निघाले. पण मूळ चित्रपटाची सर त्यांना आली नाही. मॅजेस्टिक चित्रपटगृह १९७२ साली बंद झाले. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरची इमारत उभी राहिली. काही वर्षांपूर्वी मुंबईतच एका कुटुंबाकडे एक जुने अवजड यंत्र सापडले. 'आलम आरा'च्या प्रती याच यंत्रावर काढल्या, असे सांगतात. त्या कुटुंबाने ते १९६२ साली अडीच हजार रुपयांना विकत घेतले होते आणि वर्षानुवर्षे सांभाळून ठेवले होते.