मातीतल्या पाण्याचा हिशेब

एखादी इमारत खचली अथवा धरण फुटले की आपले लक्ष प्रथम जाते ते सिमेंटकडे, पोलादाकडे आणि कंत्राटदाराकडे. ज्या मातीवर हा सारा डोलारा उभा असतो, तिची चौकशी सर्वांत शेवटी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापत्यविशारदांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. पोलादी पुलाच्या प्रत्येक तुळईवरील भार ते कागदावर चोख मांडीत. परंतु पायाखालची माती किती खचेल आणि किती काळ खचत राहील, हा प्रश्न आला की त्यांची भिस्त अनुभवी माणसाच्या अंदाजावर असे. हे अज्ञान दूर करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते कार्ल टेर्झागी २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे जन्मले.

ग्राझ येथे त्यांनी यंत्रविद्येचे शिक्षण घेतले; ओढा मात्र भूगर्भशास्त्राकडे. बांधकामांवर काही वर्षे काम केल्यावर १९१२ मध्ये ते अमेरिकेत गेले, तेथील धरणे पाहत हिंडले. परंतु मातीच्या वर्तनाचा नियम काही हाती लागेना. तो गवसला इस्तंबूलमध्ये. १९१६ पासून ते तेथे अध्यापन करीत होते. महायुद्धात पराभव झाल्यावर त्यांना रॉबर्ट कॉलेजात आश्रय मिळाला. तेथे उपकरणे नव्हती. सिगारची रिकामी खोकी आणि भंगारातील सुटे भाग जुळवून त्यांनी ती स्वतः तयार केली.

या प्रयोगांतून जे सिद्ध झाले ते आज ऐकताना साधे वाटते. ओल्या मातीवर भार पडला की तो सर्वस्वी मातीच्या कणांवर पडत नाही. कणांमधील पाणी त्याचा काही हिस्सा पेलते. मातीचे बळ ठरते ते कणांच्या वाट्यास येणाऱ्या दाबावर. चिकण मातीतून पाणी अतिशय मंद गतीने निसटते, आणि ते निसटेल तसतसा भार कणांवर येऊन जमीन दबते. म्हणूनच इमारती वर्षानुवर्षे खचत राहतात. थराची जाडी दुप्पट झाली तर त्यास लागणारा काळ चौपट होतो, इतक्या नेमकेपणाने हे गणित मांडता येऊ लागले. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदा-यांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले.

अमेरिकेतील एमआयटीत चार वर्षे अध्यापन करून १९२९ मध्ये ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात आले. तेथेच या चरित्रातील काळा अध्याय घडला. त्याच संस्थेतील प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी १९३६ च्या अखेरीस पुस्तिका काढून या नव्या शास्त्रावर व त्याच्या प्रवर्तकांच्या प्रामाणिकपणावरही कठोर हल्ला चढविला. चौकशी समिती बसली. तिचा कौल टेर्झागींच्या बाजूने झुकला, आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर व त्यांच्या पत्नीने आपली जीवनयात्रा संपविली. आरोप अन्यायाचे होते, यात शंका नाही. तथापि त्याच पुस्तिकेतील फिलुंगर यांची समीकरणे मौलिक होती, हे पुढील संशोधकांनी मान्य केले. शास्त्रीय मतभेदाला वैयक्तिक वैराचे रूप आले की सत्याचा अंश असलेला माणूसही कसा हकनाक जातो, याचे हे विदारक उदाहरण होय.

१९३८ मध्ये टेर्झागी कायमचे अमेरिकेस गेले व हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. सिद्धांताचा जनक असूनही सिद्धांतावर विसंबून राहणे त्यांना मान्य नव्हते. मातीचा प्रत्येक थर आधी पारखता येत नाही. म्हणून काम चालू असताना पाण्याचा दाब आणि जमिनीचे दबणे मोजत राहावे आणि त्या मोजमापाप्रमाणे आराखडा बदलण्याची तयारी ठेवावी, ही त्यांची शिकवण. कॅनडातील मिशन धरण अत्यंत अवघड जमिनीवर याच रीतीने उभे राहिले. १९६५ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आस्वानच्या उंच धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. परंतु रशियन तज्ज्ञांशी आराखड्याविषयी मतभेद होताच १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडले. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी दोनच वर्षे, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे मातीचे धरण काम पुरे होण्याआधीच, पहिल्याच पावसाळ्यात भरत असताना फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. माती आणि पाणी यांना आपला काळ घेऊ द्यावा लागतो. उद्घाटनाच्या तारखा त्यांना ठाऊक नसतात. मुदतीच्या घाईत पायाची तपासणी व मोजमापे यांवरचा खर्च ज्यांना अनावश्यक वाटतो, त्यांनी टेर्झागींचे चरित्र एकदा तरी वाचावे.