खंड्याचे धनी

साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णा आणि वेण्णा या नद्या एकमेकींना मिळतात. तेथील नदीकाठी राजघराण्यातील अनेकांच्या समाध्या आहेत. त्यांतील एक स्मारक मात्र माणसाचे नाही. ते एका कुत्र्याचे आहे. त्याचे नाव खंड्या होते, असे परंपरा सांगते. त्या खंड्याचे धनी म्हणजे छत्रपती शाहू महाराज. शिवाजी महाराजांचे हे नातू, संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र.

शाहू महाराजांचा जन्म १६८२ साली झाला. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसह कैद झाले. पुढची सुमारे अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या छावणीत काढली. आज या मुक्कामी तर उद्या त्या मुक्कामी. आपले असे घर त्यांना उरलेच नाही. त्या दिवसांत बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांना ममतेने वागविले. शत्रूच्या गोटातही मायेचा हात मिळू शकतो, हे त्यांनी बालपणीच अनुभवले.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि शाहू महाराजांची सुटका झाली. स्वराज्याकडे परतत असता पारद गावच्या पाटलाने त्यांना विरोध केला. लढाईत तो पाटील पडला. तेव्हा त्याच्या पत्नीने आपले लहान मूल आणून महाराजांच्या पदरात घातले. महाराजांनी शत्रूच्या त्या मुलाला जवळ केले, फत्तेसिंह असे नाव दिले आणि पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले. हेच फत्तेसिंह भोसले अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळपुरुष होत.

१७०८ साली साताऱ्यास महाराजांचा राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव यांच्यासारखी कर्तबगार माणसे त्यांनी पारखून घेतली. त्यांच्या कारकिर्दीत मराठी राज्य दूरवर पसरले. ज्या साष्टी बेटावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे वसली आहेत, तेही १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले.

एवढ्या मोठ्या राज्याच्या या धन्याला शिकारीचा फार नाद होता. आज वन्य प्राण्यांची शिकार कायद्याने बंद आहे. त्या काळी मात्र शिकार हा राजेलोकांचा नित्याचा व्यायाम असे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता. महाराजांना उत्तम जातीच्या कुत्र्यांचीही मोठी हौस होती.

शिकारी कुत्रा काही एका दिवसात तयार होत नाही. कुत्रीची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले आणि कान बंद असतात. स्वतःच्या अंगाची ऊबही त्यांना राखता येत नाही. म्हणून त्यांना कोरडी, उबदार, वारा न लागणारी जागा द्यावी लागते. आईचे पहिले दूध त्यांना रोगांपासून वाचविते. दांडगी पिल्ले दुधासाठी पुढे घुसतात आणि अशक्त पिल्लू मागे ढकलले जाते. अशा वेळी राखणदाराने त्या पिल्लाला उचलून आईच्या कुशीत लावावे लागते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्ले डगमगत चालू लागतात आणि महिन्याच्या सुमारास मऊ अन्न चाटू लागतात. रानात निर्भयपणे धावणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामागे कोणाची तरी अशी रात्रंदिवसाची निगा असते.

त्या निगेचे मोल महाराजांना एकदा प्रत्यक्ष कळून आले. वाघाची शिकार करताना त्यांच्यावर प्राणसंकट ओढवले. त्या वेळी त्यांच्या आवडत्या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले. महाराज हा उपकार विसरले नाहीत. त्यांनी त्या कुत्र्याच्या नावे सनद करून जहागीर दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. पुढे एक सरदार मोठ्या थाटामाटाने दरबारी भेटीस आला, तेव्हा महाराजांनी त्याच कुत्र्याला जरीची वस्त्रे व रत्ने घातली आणि स्वतःची पगडीही त्याच्याच डोक्यावर ठेवली. वस्त्रालंकारांनी कोणी थोर होत नाही, हे दरबारातील सर्वांस न बोलताच उमगले.

काहींना हा सारा प्रकार राजाचा लहरीपणा वाटला. परंतु पारदचे ते पोरके मूल आठवले, म्हणजे या लहरीचा उगम कोठे आहे ते ध्यानात येते. कैदेत दुसऱ्याच्या दयेवर वाढलेल्या या राजाने आपल्या आश्रयास आलेल्याला कधी परके मानले नाही. मग तो शत्रूचा मुलगा असो की मुका प्राणी असो.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. माहुली येथे नदीकाठी त्यांची समाधी आहे. राजा आणि त्याचा इमानी सोबती, दोघांच्याही आठवणी त्या एकाच तीरावर विसावल्या आहेत.