सर्वांसाठी राखलेली वनभूमी : चार्ल्स एलियट यांचे जीवनकार्य

जंगले, टेकड्या आणि नदीकाठ देणगीरूपाने किंवा विकत घेऊन ते जनतेसाठी कायमचे राखणाऱ्या विश्वस्त संस्था आज अनेक देशांत आहेत. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील भूदृश्य रचनाकार चार्ल्स एलियट यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांना आयुष्य लाभले ते अवघे 37 वर्षांचे.

एलियट यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1859 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स विल्यम एलियट हे हार्वर्ड विद्यापीठाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. विद्यार्थिदशेत मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटावर घालवलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमुळे त्यांना निसर्गाची ओढ लागली. 1883 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे उमेदवारी सुरू केली. त्यानंतर युरोपचा अभ्यासदौरा करून त्यांनी बोस्टनमध्ये स्वतंत्र व्यवसाय आरंभला.

त्या काळात बोस्टन शहर झपाट्याने विस्तारत होते. भोवतालच्या जमिनी खासगी मालकीच्या होत्या. रेल्वे आणि ट्राममार्गांच्या पाठोपाठ तेथे वस्ती वाढत होती आणि मोकळ्या जागी कुंपणे उभी राहत होती. नद्या आणि डोंगररांगा अनेक नगरांच्या हद्दींतून जात असल्याने कोणतीही एक नगरपालिका त्यांचे रक्षण करू शकत नव्हती. वेव्हर्ली येथील पुरातन ओक वृक्षांचा समूहही धोक्यात आला होता.

1890 मध्ये ‘गार्डन अँड फॉरेस्ट’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात एलियट यांनी या प्रश्नावर उपाय सुचवला. सार्वजनिक ग्रंथालय ज्याप्रमाणे पुस्तके सांभाळते, त्याप्रमाणे निसर्गरम्य जमिनी सांभाळून त्या जनतेला खुल्या ठेवणारे विश्वस्त मंडळ असावे, अशी ही कल्पना होती. ती उचलून धरली गेली. 1891 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सार्वजनिक राखीव भूमींच्या विश्वस्त मंडळाची स्थापना केली आणि त्याच्या जमिनींना करातून सूट दिली. पुढच्याच वर्षी स्टोनहॅम येथील 20 एकरांचे ‘व्हर्जिनिया वुड’ हे वन मंडळाला देणगी मिळाले. दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ तिच्या आईने ते दिले होते.

मात्र केवळ दानशूरांच्या देणग्यांवर विसंबून चालणार नाही, हे एलियट यांनी ओळखले. पत्रकार सिल्व्हेस्टर बॅक्स्टर यांच्यासह त्यांनी केलेल्या प्रयत्नांतून 1893 मध्ये बोस्टन महानगर उद्यान आयोग कायमस्वरूपी अस्तित्वात आला. या आयोगाने वेव्हर्लीचे ओक वृक्ष, ब्लू हिल्स व मिडलसेक्स फेल्स ही वनक्षेत्रे, नदीकाठच्या जमिनी आणि रिव्हिअरचा समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीत आणला.

जमीन ताब्यात आली म्हणजे काम संपले, असे एलियट मानत नसत. या वनांत पूर्वी वारंवार तोड झाली होती आणि वणवेही लागले होते. त्यामुळे विचारपूर्वक निगा राखावी आणि गरज असेल तेथे कुऱ्हाडही चालवावी, असे त्यांचे मत होते. राखीव वनात झाडाला हात लावणेच गैर मानणाऱ्यांना हे पटत नव्हते. या विषयावरील त्यांचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर, 1898 मध्ये प्रकाशित झाला.

25 मार्च 1897 रोजी मेंदूज्वराने एलियट यांचे निधन झाले. शोकाकुल पित्याने मुलाचे विस्तृत चरित्र लिहिले. माउंट डेझर्ट बेटावर तशाच विश्वस्त संस्थेच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. त्या संस्थेने मिळवलेल्या जमिनींतूनच पुढे आजचे अकेडिया राष्ट्रीय उद्यान आकारास आले. ब्रिटनमध्ये 1895 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टनेही मॅसॅच्युसेट्सच्या मंडळाचा आदर्श समोर ठेवला होता.

एलियट यांनी स्थापन केलेली संस्था आजही कार्यरत असून तिच्याकडे शंभराहून अधिक राखीव स्थळे आहेत. वन राखणे आणि ते लोकांना खुले ठेवणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, ही त्यांची धारणा तेथे आजही जपली जात आहे.