इंजिनाला नाव देणारा माणूस : रुडॉल्फ डिझेल, शेंगदाणा तेल आणि महागडं बायोडिझेल

पिशोर (ता. कन्नड) : ट्रॅक्टर असो, मळणी यंत्र असो की विहिरीवरचं जुनं इंजिन, शेतकऱ्याच्या तोंडात डिझेल हा शब्द रोजचाच. पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दरवर्षी 10 ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळतात, तो त्याच्याच आठवणीत. त्या निमित्ताने रुडॉल्फ डिझेलची ही गोष्ट. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा महाग का पडतं, याचं उत्तरही त्यातच सापडतं.

कारागिराचा मुलगा

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. 1870 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत लढाई पेटली. जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. पुढे म्युनिकला तो इंजिनिअर झाला. तिथले प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे हे शीतयंत्रांचे मोठे जाणकार. त्यांच्याच बर्फाच्या धंद्यात तो पॅरिसला नोकरीला लागला.

त्या काळी कारखाने वाफेच्या इंजिनावर चालायचे. दहा पोती कोळसा जाळला तर जेमतेम एका पोत्याचं काम पदरात पडायचं, बाकीची उष्णता वाया. रुडॉल्फच्या डोक्यात हेच बसलं. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून बघताना स्फोट झाला, तो मरता मरता वाचला आणि कित्येक महिने दवाखान्यात पडून होता. तरी नाद सोडला नाही.

ठिणगीशिवाय पेटणारं इंजिन

त्याची कल्पना सोपी होती. हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं, तसंच. हवा इतकी दाबायची की आत सोडलेलं तेल ठिणगीशिवाय पेटलं पाहिजे. 1893 मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी 10 ऑगस्टला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. दाब मोजायचं यंत्रच फुटलं, तुकडे उडाले, पण आत इंधन पेटतं हे सिद्ध झालं. या दिवशी त्याने शेंगदाणा तेल वापरलं, असं व्हॉट्सअॅपवर दरवर्षी फिरतं. ते खरं नाही. त्या दिवशी पेट्रोल वापरलं होतं.

आणखी चार वर्षं खटपट केली. फेब्रुवारी 1897 च्या चाचणीत इंजिनाने इंधनाच्या उष्णतेपैकी 26 टक्के कामाला लावली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

शेंगदाणा तेल आलं 1900 मध्ये

पॅरिसच्या 1900 सालच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. इंजिन इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं. फ्रान्स सरकारला यात रस होता, कारण त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा. पुढे रुडॉल्फनेही असे प्रयोग केले. 1912 मध्ये त्याने मत मांडलं की वनस्पती तेलाला आज महत्त्व नसलं तरी पुढे ते खनिज तेलाइतकंच मोलाचं होऊ शकतं.

मग महाग का?

इंजिन तेलावर चालतं, पण हिशोब जुळत नाही. खनिज तेल जमिनीतून उपसून शुद्ध करायचं असतं. वनस्पती तेलाला मात्र नांगरणी, बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि घाणा एवढं सगळं लागतं. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं 18 ते 20 किलो. पेंडेचे पैसे येतात, तरीही सोयाबीन तेल किराणा दुकानात लिटरमागे शंभराच्या वर जातं. पंपावरचं डिझेल सरकारी कर धरूनही त्याच्या खाली असतं. बायोडिझेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा या कच्च्या तेलाचाच.

त्यावर प्रक्रियेचा खर्च वेगळा. घट्ट तेल तसंच टाकीत ओतलं तर नोझल चोंदतं आणि कार्बन धरतो. म्हणून ट्रॅक्टरमध्ये गोडं तेल टाकायचा प्रयोग करू नये. 100 किलो तेलात साधारण 11 किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून प्रक्रिया करतात, तेव्हा ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल राहतं. ही पद्धत बेल्जियममध्ये 1937 साली पुढे आली. शिवाय बायोडिझेलमध्ये लिटरमागे ताकद थोडी कमी असते, म्हणजे काम तेवढंच आणि तेल जरा जास्त.

खायचं तेल परवडत नाही म्हणून 2003 मध्ये केंद्राने मोगली एरंडाचा मार्ग धरला. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलं. राज्यातही बांधावर, पडीक रानात रोपं लागली. कोरडवाहूत बी कमी आलं, घेणारे मिळेनात. ज्यांनी आशेने लावलं, त्यांचीच फजिती झाली. आता हॉटेलांतल्या तळणाच्या वापरलेल्या तेलावर भर आहे. 2019 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये भाव जाहीर केला. पण ते तेल गावोगाव फिरून गोळा करायचा खर्च आहेच.

शेवट

इंजिनाने जगाला श्रीमंत केलं, पण रुडॉल्फ कर्जात बुडाला. पेटंटचे वाद, जमिनीत आणि तेलाच्या धंद्यात अडकलेला पैसा, वरून बिघडलेली तब्येत. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर जेवण करून आपल्या खोलीकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं होतं, पण खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. आत्महत्या की घातपात, यावर आजही चर्चा होते. वय होतं 55.

भुईमुगाच्या तेलावर इंजिन चालतं हे कळून सव्वाशे वर्षं झाली. पुढे कुणी तेलबियांच्या नव्या झाडाची किंवा पिकाची योजना घेऊन गावात आलं, तर रोप लावण्याआधी दोनच गोष्टी विचारायच्या : एकरी बी किती निघणार आणि ते लेखी भावाने घेणार कोण.